वैजयंतीचे तीन सर्व्हर

तुकईथडच्या उखर्डू पाटलांची वैजयंती इंदूरला कॉम्प्युटर शिकली आणि नोकरीला बुऱ्हाणपुरातच परत आली. तिथल्या राजपुरा भागात केळी उत्पादकांची एक संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर रोज सकाळी लिलाव होतो. व्यापारी बोली लावतात, शेतकरी बांधावरून मोबाइलवर ती बघतो आणि पटली तर मंजूर करतो. ही वेबसाइट वैजयंतीच्या हाती होती.

लिलाव सुरू झाला की तापीकाठचे सगळे शेतकरी एकदमच साइट उघडायचे आणि एकुलता एक सर्व्हर मान टाकायचा. पान उघडेपर्यंत बोलीची वेळ संपून जायची. मग व्यापारी फोनवर सांगेल तो भाव.

व्यवस्थापक योगेंद्र म्हणाले, "मोठी मशीन घेऊन टाकू."

"मोठी झाली तरी एकटीच ना, सर? ती बसली की सगळं बसलं."

तिनं तीन साधे सर्व्हर लावले आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर ठेवला. ज्या सर्व्हरकडे काम कमी, त्याच्याकडे तो पान उघडण्याची पुढची विनंती पाठवायचा.

पहिल्याच सकाळी वडिलांचा फोन आला. "बाई, तुझी साइट झटकन उघडते, पण मले वळखत नाही. घडीघडी पासवर्ड मांगते."

वैजयंतीच्या ध्यानात आलं. वडिलांनी लॉगिन केलं ते एका सर्व्हरवर, पुढचं पान गेलं दुसऱ्याकडे, आणि त्याला उखर्डू पाटील ठाऊकच नव्हते. तिनं लॉगिनची माहिती तिन्ही सर्व्हरना वाचता येईल अशा सामाईक जागी हलवली. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला नाही, तेव्हा दुरुस्ती जमल्याचं तिला समजलं.

रमजानच्या तोंडावर केळीला उठाव आला. संस्थेचे अध्यक्ष निंबा महाजन लिलाव बघायला ऑफिसात येऊन बसले. त्यांचाही माल त्या दिवशी लिलावात होता.

"अन् यातला एखादा बंद पडला तर?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच पाडून दाखवते, काका."

"चालू लिलावात? रहने दे," योगेंद्र म्हणाले.

"गर्दी आजच आहे, सर. आज टिकलं तर टिकलं."

तिनं एक सर्व्हर बंद केला. पडद्यावर कामाचा भार दाखवणारी त्याची रेघ खाली बसली, बाकी दोघांच्या रेघा वर चढल्या आणि तिथंच स्थिर राहिल्या. बोली येतच होत्या. योगेंद्र खुर्चीच्या टोकावर सरकले होते. तेवढ्यात महाजनांनी मोबाइलवर 'मंजूर'वर अंगठा टेकवला.

"माझा माल गेला. भाव चांगला भेटला," ते म्हणाले. "कोणता बंद केला तू?"

"तुमचं पान ज्याच्यावर उघडलं होतं, तोच."

महाजनांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिथूनच उखर्डू पाटलांना स्पीकरवर फोन लावला. "पाटील, तुमच्या पोरीनं भर लिलावात एक मशीन बंद केली."

"मंग?"

"मंग काय, कोणाले समजलं बी नाही."

पाटील म्हणाले, "थांबा जरा. इथं चार जण बसले हायेत, त्यांच्यासमोर पुन्हा सांगा."

वैजयंती पडद्याकडे बघत बंद सर्व्हर पुन्हा सुरू करत होती. हसू मात्र तिला आवरत नव्हतं.