जांभळाचे डाग

आमच्या कॉलनीतल्या बागेचं सुशोभीकरण व्हायचंय. काल सकाळी त्यासाठी सगळे बागेत जमलो, तर नकाशात जांभळाचं झाडच नव्हतं. "नव्या फरशीवर जांभळांचे डाग पडतील," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. फरशी अजून आलीसुद्धा नाही आणि झाड आत्ताच दोषी ठरलं. शेजारच्या लीलाताई पायाशी पडलेलं एक जांभूळ उचलून पदराला पुसत म्हणाल्या, "डाग धुता येतात हो." त्यांचं म्हणणं कुणी खोडलं नाही आणि कुणी मनावरही घेतलं नाही. सुशोभीकरण हा शब्दच असा आहे, शोभेला नको कोण म्हणणार? मग सावलीसाठी पत्र्याची शेड कुठे घालायची, यावर बराच वेळ चर्चा झाली. ऊन चढत गेलं तसे आम्ही सगळे सरकत सरकत जांभळाच्या बुंध्याशी येऊन बसलो होतो.