नानासाहेबांचे न वाढण्याचे चार दिवस

शेंद्र्यात आणि आसपासच्या दहा गावांत चाळीस वर्षं एकही लग्न नानासाहेबांशिवाय जेवलं नाही. त्यांना कुणी बोलावून नेमलेलं नव्हतं. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, उपरणं कमरेला बांधायचं आणि बुंदीची परात उचलून पंगतीत शिरायचं, एवढंच. आग्रह ही त्यांची खरी विद्या. पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणाला तर तो लाजतोय, दुसऱ्यांदा म्हणाला तर मानाची वाट बघतोय, आणि पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले तर आता कुठं तो जेवायला लागला, असं त्यांचं शास्त्र होतं. आडव्या हातांच्या बोटांतून बुंदी कशी सोडायची, हे शेजारच्या गावचे लोक त्यांच्याकडून शिकून जात.

पुढं ते शहरात मुलाकडं, पुंडलिकनगरात राहायला आले. शहरातल्या लग्नांत पंगती उरल्या नव्हत्या. लोक प्लेट घेऊन रांगेत उभे राहत. अशाच एका लग्नात नानासाहेबांनी गुलाबजामचं भांडं उचललं आणि जेवून निघालेल्या एका बँक मॅनेजरांना पार्किंगमध्ये गाठलं. मॅनेजरांनी घाबरून गाडीची काच वर केली. नानासाहेब काच खाली होईपर्यंत उभे राहिले.

आता नात श्रेयाचंच लग्न ठरलं होतं, क्रांती चौकाजवळच्या कार्यालयात. नानासाहेबांचा एकच हट्ट होता, पंगत पाहिजे. श्रेयाला मॅनेजरांची गोष्ट पाठ होती.

"नाना, माझ्या सासरची माणसं पळून जातील."

"पळतील कशी? पाट सोडून उठू दिलं तर ना!"

शेवटी श्रेयानं अट घातली. लग्नाआधी सगळं घर चार दिवस पणजीला फिरायला जाणार होतं. रोज हॉटेलात जेवण. तिथं नानांनी एकाही माणसाला काही वाढायचं नाही. जमलं तर बुफे रद्द, पंगत पक्की. नाही जमलं तर लग्नात खुर्चीवर बसून सुपारी खायची.

"ठरलं," नानासाहेब म्हणाले. "चार दिसाचं काय घिऊन बसलीस? वाढल्याबिगर मरतो व्हय मी?"

लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या पत्नी, मनकर्णाबाई, नुसत्या हसल्या.

पहिल्या दिवशी पणजीतल्या जुन्या रंगीत घरांची गल्ली पाहिली. श्रेयानं एका पिवळ्या घरासमोर उभं राहून वीसेक फोटो काढले. नानासाहेब त्या घराच्या दाराकडं बघत राहिले. "तासभर झालं आपन उंबऱ्यापुढं हुबं हाओत. आतलं कुनी पानी बी इचारंना?"

दुसऱ्या संध्याकाळी मांडवी नदीत बोटीवर गेले. दिवे, कर्कश गाणी, वर सगळे नाचतायत. नानासाहेबांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "नवरदेव कुठंय?"

"लग्न नाही काका. असंच नाचतायत."

"असंच? आन् जेवान?"

"जेवण नाही. तिकिटात नुसता नाच."

नानासाहेबांना त्या नाचणाऱ्यांची फार कीव आली.

तिसऱ्या दिवशी हात फारच शिवशिवायला लागले. मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत त्यांनी श्रेयाला विचारलं, "कुत्र्याला बिस्कीट टाकलं तर हारलो का?" कुत्रं माणसात धरत नाही, असा निकाल मिळाला. एक पुडा खाऊन कुत्र्यानं तोंड फिरवलं. "लाजू नका, घ्या," म्हणत नानासाहेबांनी दुसरा फोडला. कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन बसलं. नानासाहेब तिकडं गेले.

चौथी संध्याकाळ. हे शेवटचं जेवण सरलं की पंगत हातात होती. नदीकाठचं हॉटेल खचाखच भरलेलं, आणि वेटर दोनच. नानासाहेब दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं गोरं जोडपं होतं. वेटर त्यांच्यापुढं भात आणि माशाच्या कालवणाचं भांडं ठेवून निघून गेला होता. गोरा बाबा काट्यानं नुसताच कोरडा भात खात होता. नानासाहेबांनी पंख्याकडं पाहिलं. नदीकडं पाहिलं. मग बाबाची प्लेट रिकामी झाली.

रिकामं ताट आणि समोर बसलेला माणूस! नानासाहेब कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. भात वाढून त्यांनी वर कालवण ओतलं. बाबा म्हणाला, "नो, नो." नानासाहेबांनी आणखी एक पळी घातली. बाबानं मोठ्यानं "नो!" म्हणून प्लेटवर दोन्ही हात आडवे धरले. नानासाहेबांचा चेहरा उजळला.

"हां! आत्ता कसं!"

बाबाच्या बोटांतून भात बरोबर प्लेटीत पडला. पाव तासात सात टेबलांवर नानासाहेब फिरत होते, आणि वेटर लांबून ओरडत होता, "काका, चार नंबरला कालवण!"

परत आले तेव्हा पळी हातातच होती. "हारलो बाई," म्हणून ते खाली बसले. हसावं की रागवावं, हे श्रेयाला ठरवता येईना. तेवढ्यात मनकर्णाबाई बोलल्या.

"सगळ्या हॉटेलाला वाढलं. ह्या टेबलाला कोन वाढनार?"

त्यांनी आपली रिकामी प्लेट पुढं सरकवली.

"चाळीस वर्सं बघतीया. आधी गडीमान्सांच्या पंगती, मंग बायकांची. तवर ह्यांचं हात दुखायचं आन् बुंदी सरायची. मला ह्यांनी कधी वाढलंय का, इचार की."

नानासाहेबांनी सगळी लग्नं आठवून पाहिली. मग हातातली पळी हळूच टेबलावर ठेवली.

श्रेयानं तिथंच नवा निकाल दिला. "पंगत होईल. पण एकच, आणि ती बायकांची. आजी पहिल्या पाटावर."

"आन् गडीमान्सं?"

"त्यांना बुफे."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात बायकांची लांबलचक पंगत बसली. पहिल्या पाटावर मनकर्णाबाई नवी पैठणी सावरून बसल्या होत्या. नानासाहेब परात घेऊन वाकले. आग्रहाचे शब्द ओठांवर तयार होते.

"वाढा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाढलं.

"आनखी."

"आनखी?"

"व्हय. हात आखडू नका."

हे ऐकून शेजारणीला जोर आला. मग तिच्या शेजारणीला. "नाना, इकडं!" "नानासाहेब, बुंदी!" सगळी ओळ मागत सुटली. नानासाहेब तीनदा स्वयंपाकघरात पळाले. तिसऱ्यांदा ते पालथ्या पातेल्यावर मटकन बसले आणि आचाऱ्याला म्हणाले, "असलं पाव्हनं जल्मात बघितलं नाय रं. मला बोलूच देईनात!"

बाहेरून मनकर्णाबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, मठ्ठा!"

नानासाहेब लगबगीनं उठले.