काकूंची सही

नोटेवर सही करणाऱ्या गव्हर्नरसाहेबांनंतर स्वतःच्या सहीवर एवढा भरवसा असलेलं माणूस मी जन्मात एकच पाहिलं, आणि ते आमच्या शेजारच्या दारात राहत होतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतले निम्मे पुरुष नोटांच्या छापखान्यात कामाला होते. शेजारचे काकाही त्यातलेच. ते दिवसभर नोटा छापायचे आणि काकू घरी कांदा-लसूण मसाला करायच्या. दोन्हींत जास्त मोलाचं काय, याबद्दल काकूंच्या मनात कधीच शंका नव्हती. नव्वदच्या आसपास धंदा सुरू केला तेव्हा काकांनी पाकिटावर एखाद्या देवाचं नाव घालायचं सुचवलं. काकू म्हणाल्या, "देवाला कशाला मधे घालता? तिखट जास्त झालं तर शिव्या मी खाईन की!" सही असते म्हणून नोटेला लोक मानतात, मग मसाल्यावरही सही हवी, हा त्यांचा हिशेब. झालं, तेव्हापासून प्रत्येक पाकिटातल्या लेबलावर निळ्या शाईत काकूंची सही. पहिलं अक्षर कैरीएवढं फुगलेलं आणि शेवटची रेघ पार कडेपर्यंत ओढलेली. नाव मात्र कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही. काकांनी एकदा कौतुकानं रबरी शिक्का करून आणला, तर म्हणाल्या, "शिक्के पोस्टात मारतात. मी काय पोस्ट आहे?" तो शिक्का पुढे कित्येक वर्षं, खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत अडकवलेला असायचा.

जाहिरात हा शब्द त्यांना आवडायचा नाही, पण बाई स्वतःच चालतीबोलती जाहिरात होत्या. घराबाहेर पडताना साडी लालच. "लोकांनी मला लांबून बघितलं की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे," असं त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला की डोळे मिटायच्या आणि शेजारणीला ऐकू जाईल असं पुटपुटायच्या, "माझा नाय हा." आमच्या आत्याचे सासरे गेले तेव्हा भेटायला आल्या, मनापासून रडल्या, आणि निघताना आत्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तेराव्याच्या स्वयंपाकाला मसाला लागला तर संकोच करू नकोस हं." उन्हाळ्यात त्या मिरच्या भाजायला बसल्या की अख्खी कॉलनी खोकायची. कुणी खिडकीतून कुरकुर केली, तर काकू गॅलरीतून ओरडायच्या, "खोकला आला ना? मग माल अस्सल आहे!"

मग बाजारात कुणीतरी तसल्याच लाल पाकिटात, त्याच आकाराचं लेबल घालून भलताच मसाला विकायला काढला. काकू तीन दिवस जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी रिक्षा करून दुकानोदुकान फिरल्या, देवळालीपासून पंचवटीपर्यंत, आणि प्रत्येक दुकानदाराला बजावून आल्या, "सही बघितल्याशिवाय पाकीट ठेवायचं नाही. अहो, मी स्वतः घेऊन आले तरी आधी सही बघायची!" दुकानदारांनी ते अगदी मनावर घेतलं. गिऱ्हाइकंही पाकीट उजेडात धरून बघायला लागली. काकूंना धन्य धन्य वाटलं.

पाच-सहा वर्षांनी काकूंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, तेव्हा त्या बशीला दोष द्यायच्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सह्या मात्र चालूच होत्या. एके दुपारी मी त्यांच्याकडे पिशव्यांची तोंडं मेणबत्तीवर बंद करत बसले होते, तेवढ्यात जेल रोडचे किराणावाले शेठ खोकं घेऊन दारात आले. "काकू, तुमच्या नावानं परत कुणीतरी नकली माल खपवतंय," ते म्हणाले. "ही सही बघा! कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. मी लगेच ओळखली. सगळी पाकिटं घेऊन आलोय." काकूंनी पाकीट हातात घेतलं, आतलं लेबल बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत, आणलंत ते." खोकं ठेवून घेतलं, शेठना चहा दिला. उजवा हात पदराखाली होता.

ते गेल्यावर मला राहवेना. लहानपणापासून ती सही बघत आले होते, मला ती हुबेहूब यायची. "काकू, मी करत जाऊ का सह्या? कुणाला कळणारसुद्धा नाही." काकू माझ्यावर कधी चिडल्या नव्हत्या, त्या दिवशी चिडल्या. "खऱ्या मसाल्यावर खोटी सही? मग तो बाजारातला मेला काय वाईट होता गं?" आणि मग खोक्याजवळ बसून रडल्या. म्हणाल्या, "माझाच माल मी नकली म्हणून परत घेतला. तोंडातून शब्द फुटला नाय बघ."

दुसऱ्या दिवशी लाल साडी नेसून त्यांनी मला बरोबर घेतलं. शेठच्या दुकानात गर्दी होती. काकूंनी खोकं फळीवर ठेवलं, पेन मागितलं आणि एक कोरं लेबल काढून सगळ्यांच्या देखत सही करायला लागल्या. हात उडत होता, पेन दोनदा खाली पडलं. शेवटची रेघ लेबलावरून फळीवर गेली. "ही माझीच सही आहे शेठ," त्या म्हणाल्या. "आता अशीच येते. घ्यायचा तर घ्या." शेठ गल्ल्यावरून उठले, काकूंना आपली खुर्ची दिली आणि पाकिटं एकेक करून स्वतः मांडणीवर लावली. पुढचा आठवडाभर आम्ही असंच दुकानोदुकान फिरलो. जो हात त्यांनी सख्ख्या बहिणीपासून लपवला होता, तो त्यांनी सगळ्या नाशकाला दाखवला. काही दुकानं तुटली, काही टिकली.

शेवटच्या उन्हाळ्यात मसाला झाला तो फक्त आमच्या बिल्डिंगपुरता. काकांचा हात धरून काकू आमच्या दारात आल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. लेबलावर एक गोळा होता आणि एक तुटकी रेघ. "माझीच आहे ना गं?" त्यांनी विचारलं. "तुमचीच आहे, काकू," मी न बघताच म्हटलं. तशा त्या उंबऱ्यातच थांबल्या. "असं नाय. नीट बघून सांग." मग मी पाकीट उजेडात धरलं आणि नीट बघितलं, डोळे भरून आल्यामुळे जरा वेळ लागला, पण काकू थांबून राहिल्या.