तुळशीची मंजिरी आणि माझा चष्मा

पन्नासच्या दशकात आम्ही ठाण्याला राहायचो, तेव्हा आमच्या ह्यांना फोटोचं वेड लागलं. लोक माणसांचे फोटो काढतात. ह्यांना हवे होते मिठाचे खडे, फणसाची साल, साखर ओढणारी मुंगी. साध्या डबा कॅमेऱ्यात इतकं जवळचं नीट येईना, म्हणून हे माझा वाचायचा चष्मा त्याच्यापुढे धरायचे. मी तांदूळ निवडत असले तरी चष्मा नाकावरून उचलला जायचा.

एकदा तुळशीच्या मंजिरीची पाळी आली. ती वाऱ्याने हलत होती, म्हणून मला देठ धरून बसवलं. चष्म्यावाचून मला धड मंजिरीही दिसत नव्हती. हे दोरीने अंतर मोजत बसले आणि आत माझी आमटी करपली.

आठवड्याने फोटो धुऊन आला. मंजिरी हललीच होती, तिच्या जागी नुसतं धुकं. माझा अंगठा मात्र लख्ख आला होता. विळीचे व्रण, नखापाशी फाटलेली कातडी, सगळं दिसत होतं. मला लाजच वाटली.

"अहो, फाडून टाका तो," मी म्हटलं. "आणि काढायचाच तर एकदा माझ्या तोंडाचा काढा."

"तोंड रोजच बघतो," हे म्हणाले. "हा हात इतकी वर्षं मला वाढतोय, तो आज बघितला."

त्यांनी तो फोटो भिंतीवर लावला. पाहुणे आले की मी तो उतरवून ठेवायची. ते गेले की पुन्हा मीच लावायची.