वजा बर्फ

ग्रेश लॅराल्डेला कुणी विचारलं, तू नेमकं काय करतोस, तर तो सांगे, "बर्फात नळी खुपसतो आणि नळीचं वजन करतो. गाढवालाही जमेल. पण गाढवाला स्कीवर उभं राहता येत नाही, म्हणून पाणी समितीनं मला ठेवलंय." खरं तर अलीकडे उभं राहणं त्यालाही जमत नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि पोट त्याच्या आधी मोजणीच्या कुरणावर पोचायचं.

आमच्या खोऱ्यातल्या पाटांतून उन्हाळाभर जे पाणी खेळतं, ते सगळं हिवाळ्यात सिएराच्या डोंगरांवर पडलेलं बर्फ. वर किती साठलंय ते कळलं, तर धरणातलं पाणी आधीच सोडायचं की धरून ठेवायचं हे ठरतं. ग्रेश दर हिवाळ्यात एकाच कुरणावर जाऊन, नळी खुपसून सगळ्या डोंगराचा हिशोब सांगायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना. पण ते शीत बहुतेक वेळा खरं बोलायचं, आणि त्यामुळे ग्रेशच्या डोक्यात हवा गेली होती. बास्क मेंढपाळांच्या जुन्या खानावळीतल्या लांब टेबलावर लोक त्याला विचारत, "काय रे, यंदा पाणी कसं?" मग हा नाक वर करून हवेचा वास घेई आणि उत्तर देई. नाकाचा या कामाशी काडीचा संबंध नव्हता. पण नाक वर केलं की सुपाचा आणखी एक डाव पडतो, हे त्याला ठाऊक होतं.

मग विमान आलं. ते घेऊन आली लॉरेल ताकेमोतो, खालच्या खोऱ्यातल्या स्ट्रॉबेरीवाल्या ताकेमोतोंची मुलगी. तिची रीत साधी होती. उन्हाळ्यात विमानातून लेसरचे किरण सोडून उघड्या जमिनीची उंची मोजून ठेवायची. हिवाळ्यात पुन्हा उडायचं आणि बर्फाच्या पाठीची उंची मोजायची. दुसरीतून पहिली वजा केली की बर्फाची जाडी हातात, आणि तीही अख्ख्या डोंगराची. ग्रेश खानावळीत म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकून होतो. विमानातून बर्फ मोजणारे आता पाहतोय."

लॉरेलनं मानानं त्याला एकदा विमानात बसवून नेलं. वर गेल्यापासून खाली उतरेपर्यंत त्याचं तोंड कागदी पिशवीत होतं. वरून काय दिसलं, असं लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पिशवीचा तळ. चिकटवलाय मात्र पक्का."

मार्चमध्ये लॉरेलचा नकाशा आला. तिचं म्हणणं, कुरणाच्या खूप वर, जिथं नळी घेऊन कुणी जाऊच शकत नाही अशा कड्याकपारींत, बर्फाचे डोंगर साठलेत. धरणात आताच जागा करा, नाहीतर ऊन तापलं की सगळं एकदम खाली येईल. ग्रेशची नळी सांगत होती, वर्ष बेताचं आहे. तीन कोरडी वर्षं काढलेल्या बदामाच्या बागायतदारांना नळीचंच पटत होतं. उपाशी माणसाला समोरचं ताट सरकव म्हटलं तर तो ऐकेल का?

आणि त्याच नकाशात, बरोबर ग्रेशच्या कुरणावर, एक चौकोनी भोक होतं. तिथं बर्फाची जाडी शून्यापेक्षाही कमी निघाली होती.

ग्रेशला आभाळ ठेंगणं झालं. वजा बर्फ! तो नकाशाची घडी खिशात घालून गावभर हिंडला. जो भेटेल त्याला भोक दाखवी. दोन दिवसांत खानावळीत लोक "एक वजा बिअर दे रे" म्हणायला लागले. ज्या यंत्राला आपल्या पायाखालचं बर्फ कळत नाही, त्याला कड्यावरचं काय कळणार, हा ग्रेशचा सवाल होता. सवाल बिनतोड होता, निदान त्याला तरी तसं वाटलं.

त्याची थोरली बहीण मायते धरणाखाली नदीकाठच्या सखल जागेत राहायची. तिथंच तिचा मेंढवाडा होता, आणि मेंढ्या व्यायला आल्या होत्या. अशा दिवसांत कळप टेकडीवर चढवायचा म्हणजे काही कोकरं पोटातच जायची. तिनं ग्रेशला गाठून सरळ विचारलं, "हलवू की नको? तू सांगशील तसं करते."

ग्रेशनं नाक वर केलं. "अगं, वजा बर्फवाल्यांचं काय ऐकतेस? राहू दे इथंच."

मायतेनं कळप हलवला नाही.

पाणी सोडायचं की नाही ते ठरवायला समितीची बैठक चर्चच्या हॉलमध्ये भरली. ग्रेश पहिल्या रांगेत, पोटावर हात बांधून, जावयासारखा बसला होता. मायते शेजारी. लॉरेलनं कुरणाचं उन्हाळ्यातल्या किरणांनी काढलेलं मोठं चित्र भिंतीवर लावलं आणि शांतपणे सांगितलं की भोकाचा उलगडा झालाय. उन्हाळ्यातल्या उड्डाणाच्या दिवशी कुरणावर काहीतरी उंच उभं होतं. यंत्रानं त्यालाच जमीन धरलं. हिवाळ्यात ती वस्तू तिथं नव्हती आणि बर्फ तिच्या उंचीइतकं नव्हतं, म्हणून वजाबाकी उलटी पडली. वस्तू कसली ते माहीत नाही, पण तेवढा ठिपका सोडला तर बाकीचा नकाशा खरा आहे.

"काय ते माहीत नाही म्हणे," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला. ग्रेशच सगळ्यात मोठ्यानं हसला.

मग त्यानं चित्र नीट पाहिलं. लांबट चौकोन. त्याला एका बाजूनं जोडलेलं कापडी छत. छताचा एक कोपरा खाली लोंबत होता. शेजारी छोटं, गोल, तिपाई असलेलं काहीतरी.

तो कोपरा त्यानंच मोडक्या स्कीच्या काठीला बांधला होता. चौकोन म्हणजे त्याची कॅरव्हॅन, गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर. गोल म्हणजे शेगडी, जिच्यावर डॉक्टरनं वर्ज्य केलेली सॉसेजेस त्यानं जुलैत तीन दिवस भाजून खाल्ली होती. तीही कुठं? ज्या कुरणावर "गाडी लावण्यास सक्त मनाई" ही पाटी त्यानं स्वतः ठोकली होती, आणि जिथून तो दर उन्हाळ्यात पर्यटकांना शिव्या देऊन हाकलायचा, तिथं! छत होतं मायतेचं. चर्चच्या जत्रेला हवंय, असं सांगून नेलेलं.

त्यानं हळूच बाजूला पाहिलं. मायतेनं चष्मा लावला होता आणि ती चित्राकडे वाकून बघत होती.

अध्यक्ष म्हणाले, मग पाणी धरून ठेवायचं, हात वर करा. हात वर जायला लागले. ग्रेशच्या मनात आलं, गप्प बस. ठिपक्याचं नाव कुणालाच माहीत नाही. मग त्याला मेंढवाडा दिसला, दाटीनं बसलेल्या, पोटं जड झालेल्या मेंढ्या दिसल्या. तो उठला. गुडघे वाजले ते अख्ख्या हॉलनं ऐकलं असावं.

"ती माझी कॅरव्हॅन आहे," तो म्हणाला. "यंत्र बरोबर आहे. गाढव मी आहे. पाणी सोडा."

मग मायतेनं चष्मा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि छत माझं आहे."

त्यानंतर हॉलमध्ये जे हसू फुटलं, ते आजही ग्रेश दिसला की गावाला आठवतं. हसून हसून दमल्यावर अध्यक्षांनी पुन्हा मत घेतलं. काही हात नाखुशीनंच वर झाले, पण धरणातून विसर्ग सुरू झाला.

त्याच दुपारी भावाबहिणींनी कळप टेकडीवर चढवायला घेतला. ग्रेश दोनदा चिखलात बसला, आणि एका मेंढीनं त्याला जी लाथ घातली ती त्याला रास्तच वाटली. दोन कोकरं वाटेतच मेलेली जन्मली. मायतेनं ती पोत्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. वर पोचल्यावर पाऊस लागला, तेव्हा त्यानं खाली जाऊन कॅरव्हॅनमधून ते छत आणलं आणि व्यायला टेकलेल्या मेंढ्यांवर ताणलं. लोंबणारा कोपरा हातानं धरून तो पावसात उभा राहिला.

पुढं ऊन तापलं आणि कड्याकपारींतलं सगळं बर्फ, लॉरेल म्हणाली होती तसं, एकदम खाली आलं. धरणात जागा केलेली होती म्हणून पाणी मायतेच्या घराच्या पायरीशी थांबलं. मेंढवाडा मात्र बुडाला. टेकडीवरून फक्त कुंपणाच्या खांबांची टोकं दिसत होती, आणि चाऱ्याची गव्हाण गोल गोल फिरत वाहून गेली.

ग्रेश खांबांची टोकं मोजत होता. "मी त्यांना तिथंच राहू दे म्हणालो होतो," तो म्हणाला.

"म्हणालास खरा." मायतेनं छताखालून नुकतंच झालेलं एक ओलं कोकरू उचलून त्याच्या कोटात कोंबलं. "पुढच्या वर्षी काय सांगशील?"

सवयीनं त्याचं नाक वर जायला लागलं. त्यानं ते खाली आणलं आणि बाहीला पुसलं.

"लॉरेलला विचारू," तो म्हणाला.

"विचारू," मायते म्हणाली. "आणि छत माझ्याकडेच राहील."