डाव्या हाताची भिंत

मला सरळ पोहता येत नाही हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, धरणाच्या मधोमध कळलं. तोवर मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो. आमच्याकडे पोहणारा म्हणजे विहिरीत पोहणारा, आणि विहिरीत माणूस गोलच पोहणार, दुसरीकडे जाईल कुठे? डाव्या हाताला दगडी भिंत ठेवायची आणि फिरत राहायचं. दमलं की कपारीला धरायचं. पस्तीस वर्षं मी हेच करत आलो होतो.

मोताळ्याजवळच्या एका खेड्यात आमचं घर आहे. मी नांदुऱ्याला एका जिनिंगच्या काट्यावर बसतो, कापसाच्या गाड्या आल्या की वजन करतो. माझा भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. तो विहिरीतल्या मोटरी काढायचा आणि बसवायचा. आजूबाजूच्या कुठल्याही गावात मोटर जळाली की पहिला फोन त्याला. चौघांना जड जाणारी मोटर तो एकटा, पाय काठाला रोवून, दोरानं वर घ्यायचा. मला पोहायला त्यानंच शिकवलं.

पावसाळा संपता संपता तो मोताळ्याच्या बाजारात भेंडी निवडायला खाली बसला आणि त्याला उठता आलं नाही. लकवा. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं तुटक झालं. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पहिले काही महिनेच कामाचे असतात. तेवढ्यात उभं केलं तर माणूस चालतो, नाही तर अंग धरतं आणि मग काही करता येत नाही.

व्यायाम करून घ्यायला बुलढाण्याहून एक बाई यायच्या. भाऊ त्यांच्याकडे पाठ करून निजायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं डाव्या हातानं स्टीलचा पेला फेकून मारला. नेम चुकला, पण बाई पुन्हा आल्या नाहीत. मी रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या खाटेजवळ बसायचो. समजावलं, रागावलो, हात जोडले, एकदा तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो भिंतीकडे बघत राहायचा. दिवाळी गेली. वहिनी एकटीच त्याला कुशीवर वळवायची, पुसायची, भरवायची. एक दिवस ती मला म्हणाली की त्यांनी आता जेवणही अर्ध्यावर आणलंय. म्हणताना ती रडली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

अशाच एका संध्याकाळी, बोलायला काही उरलं नाही म्हणून, मी फोनवर आलेली एक जाहिरात त्याला दाखवली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका धरणावर स्पर्धा होती. साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं. लोकांना कामधंदे नाहीत, असं काहीतरी मी म्हणालो. भावानं बराच वेळ त्या जाहिरातीतल्या फोटोकडे पाहिलं.

"थे कर तू," तो म्हणाला. "मंग मी उभा राह्यतो."

त्याला माझी कटकट टाळायची होती, एवढंच. काट्यावर बसून पोट सुटलेला माणूस हे करणार नाही, याची त्याला खात्री होती. पण वहिनी दारात उभी होती आणि तिनं ऐकलं होतं. मी निघालो तेव्हा ती अंगणापर्यंत आली.

"भाऊजी, आता मांगं फिरू नका," ती म्हणाली. "तुमच्यानं नाही झालं तं त्याईले निमित्त भेटते."

स्पर्धेला सात आठवडे होते. मी मोटारसायकल घरी ठेवली आणि नांदुऱ्याला सायकलनं जाऊ लागलो. सकाळी अंधारात शेतरस्त्यावर पळायचो. आमच्याकडे मोठा माणूस पळताना दिसला की कुणीतरी गेलं असा अर्थ होतो. लोक गाडी थांबवून विचारायचे, काऊन धावून राह्यले, घरी बरं हाये न? एकानं तर मला जबरदस्तीनं मागे बसवून घरापर्यंत आणून सोडलं.

पोहण्याची मला काळजीच नव्हती. धरणात उतरलं की चौकीदार हाकलून लावतो, आणि विहीर तर घरची होती. मी दोरी लावून तिचं माप घेतलं. एक फेरी साधारण वीस मीटरची, म्हणजे अडतीस फेऱ्या. वजनकाट्यावरचा माणूस मी, मापात चुकणं मला ठाऊक नाही. रोज अडतीस फेऱ्या मारायचो, शेवटी शेवटी तर चाळीस. भावाला सांगायचो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो. त्याचा उजवा हात कोपरात वाकलेला होता. मी तो हलकेच सरळ करून पाहिला. तो पहिल्यासारखा सरळ होत नव्हता. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी काही बोललो नाही.

धरणावर पोचलो तेव्हा थंडी होती आणि सगळे लोक माझ्यापेक्षा बारीक होते. पाण्यात तीन पिवळे फुगे सोडले होते, त्यांना वळसा घालून परत यायचं. शिट्टी झाली. मी उडी घेतली आणि विहिरीत घेतो तसे जोरात हात मारायला लागलो. छान चाललंय असं वाटलं. श्वास घ्यायला मान वर काढली तर फुगा समोर नव्हता. तो डावीकडे, पार मागे होता, आणि बाकीचे लोक त्याच्याकडे चालले होते. मी एकटाच उजवीकडे, गवताच्या काठाकडे निघालो होतो.

दिशा धरून पुन्हा सुरुवात केली. वीस हात मारले, पुन्हा तेच. मग मला कळलं की माझं अंग आपोआप वळतंय. पस्तीस वर्षांची सवय होती, ती अंगातच मुरली होती. मी दर वेळी विहिरीची फेरी पुरी करायला निघत होतो, आणि विहीर तिथं नव्हती. दमलो तेव्हा सवयीनं डावा हात कपारीकडे गेला. हाताला नुसतं पाणी लागलं. पाय खाली सोडले, तळ नाही. नाकातोंडात पाणी गेलं आणि मी घाबरलो. साधा घाबरलो नाही, माझी शुद्ध गेल्यासारखं झालं. भावाचा राग आला. असली अट घालणाऱ्याचा आणि असली अट मानणाऱ्याचा, दोघांचाही आला. मी इथं मेलो तर वहिनीच्या गळ्यात काय काय पडेल, हे मला पाण्यात दिसायला लागलं.

बचावासाठी तिथल्याच एका मासेमार म्हाताऱ्याची होडी फिरत होती. तो वल्ही मारत जवळ आला. मी होडीची कड धरली आणि खोकत राहिलो. धरायला हरकत नव्हती, फक्त होडीनं पुढं न्यायचं नाही असा नियम होता. म्हातारा म्हणाला की बसायचं असेल तर बस, यात लाज कसली, आत्ताच दोघं बसून गेले. मला बसायचं होतं. खरं सांगतो, मला इतकं बसायचं होतं की माझा एक पाय वर उचललाही गेला होता.

"गोल गोल काऊन फिरून राह्यले तुम्ही?" त्यानं विचारलं.

"विहिरीत शिकलो," मी म्हणालो. "मले भिंत लागते."

तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फुग्याकडे पाहिलं, आणि होडी वळवून माझ्या डाव्या अंगाला आणली. होडी चालताना तिला हात लावायचा नाही, पण मी बाजूनं चालतो, असं म्हणाला. मी पाय खाली घेतला. मग तो सरळ वल्हवत राहिला आणि मी त्याच्या होडीची भिंत डाव्या हाताला ठेवून पोहत राहिलो. तिसरा फुगा आला तोवर पाण्यात आम्ही दोघंच उरलो होतो.

काठावर रांगत आलो तेव्हा सायकलींच्या जागेत माझीच एक सायकल उभी होती. वीस किलोमीटर मी कसे गेलो ते मला नीट आठवत नाही. बकऱ्यांचा एक कळप आठवतो, आणि पोटरीत आलेला गोळा. पळताना मात्र सगळं आठवतं, कारण मी पळत नव्हतो, पाय ओढत चाललो होतो. ऊन वर आलं होतं. पाणी देणाऱ्यांनी टेबलं आवरली होती. एका वळणावर मी बसलो आणि ठरवलं की पुरे. मग भावाचा तो वाकलेला कोपर आठवला आणि उठलो. यात काही शौर्य नव्हतं. मला त्या घरात हात हलवत परत जायची भीती वाटत होती, आणि ती भीती पायाच्या दुखण्यापेक्षा मोठी होती.

मी पोचलो तेव्हा शेवटची कमान उतरवायला घेतली होती. एक माणूस तिचा बांबू खांद्यावर धरून माझ्यासाठी उभा राहिला. मी खालून गेलो. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं आणि मी तिथंच बसून लहान मुलासारखा रडलो.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. संध्याकाळी भावाच्या अंगणात शेजारीपाजारी जमले, शाल आणि नारळ आणला, आणि सांग म्हणाले. वहिनीनं भावाची खाट दाराशी ओढली होती. मी सांगितलं. सांगताना ते सगळं मजेचं होऊन गेलं, कसं झालं कळलं नाही. मी गोल फिरतोय, म्हातारा बघतोय, मी भिंत मागतोय. लोक पोट धरून हसले. एकजण म्हणाला की पुढच्या वेळी विहीरच घेऊन जाय. भाऊ हसला नाही. तो माझ्या मेडलकडेही बघत नव्हता.

लोक गेले. मी खाटेजवळ गेलो आणि म्हणालो, "झालं माझं. आता तुझं."

"उद्या," तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

माझा तोल गेला. आजारी माणसाला बोलू नये ते सगळं मी बोललो. तू भित्रा आहेस म्हणालो, वहिनीला जिवंतपणी जाळतोयस म्हणालो. शेवटी माझा आवाज फाटला.

"मी तिथं बुडून राह्यलो होतो, भाऊ," मी म्हणालो. "तू मले एका बाजूनंच शिकवलं. सरळ शिकवलंच नाही."

त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. मग तो म्हणाला, "दोर आण."

मोटरीचा दोर खुंटीवर होता. मी त्याच्या कमरेला दोन वेढे घातले. गाठ त्याला पसंत पडली नाही. डाव्या हातानं ती ओढून त्यानं खूण केली आणि मला पुन्हा बांधायला लावली. याच तऱ्हेनं त्यानं माझ्या कमरेला दोर बांधला होता, मी आठ-नऊ वर्षांचा असताना. मी विहिरीत, तो काठावर. धरला हाये न भाऊ, असं मी सारखं विचारायचो, आणि धरला हाये, असं तो वरून म्हणायचा. एक दिवस तीन फेऱ्या झाल्यावर मी वळून पाहिलं तर दोर माझ्यामागे पाण्यावर तरंगत होता आणि तो काठावर बसून बोरं खात होता.

वहिनीनं उजवीकडून खांदा दिला. मी समोर उभा राहून दोर दोन्ही मुठींत घट्ट धरला. तीन म्हणताच तो उठला. त्याचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं, उजवा पाय थरथरायला लागला, वहिनी घाबरून देवाचं नाव घेऊ लागली. पण तो उभा होता. चार महिन्यांनी त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं होतं.

"सोड," तो म्हणाला.

माझ्या मुठी उघडेनात. डाव्या हाताला नुसतं पाणी लागतं तेव्हा काय होतं ते मी सकाळीच पाहिलं होतं.

"सोडला," मी म्हणालो.

दोन श्वास तो उभा राहिला. मग त्याचा गुडघा मुडपला आणि आम्ही तिघंही खाटेवर कोसळलो.

बुलढाण्याच्या बाईंना मी फोन करून माफी मागितली. त्या पुन्हा येतात. उशीर झालाय, किती होईल सांगता येत नाही, असं त्या म्हणतात. हात सरळ होईल असं त्यांना वाटत नाही. ज्या दिवशी त्या येत नाहीत त्या दिवशी मी नांदुऱ्याहून परस्पर भावाकडे जातो आणि दोर बांधतो. तो उठतो, सोड म्हणतो. मी सोडला म्हणतो. दोर माझ्या मुठीत असतो. तो मान खाली घालून बघत नाही.