पहिली पेटी

शालनच्या घरी हापूस यायचा तो पावसाच्या तोंडावर, भाव पडल्यावर, डागाळलेला. मार्चमध्ये पेट्या दिसल्या की तिचा नवरा, रंगराव, म्हणायचे, “आत्ता कशाला? रिटायर झालो की पहिली पेटी आपलीच.” शालनचं पोहायला शिकणंही असंच रिटायरमेंटवर ढकललं गेलं आणि तोवर तिचे गुडघे गेले.

रंगराव रिटायर झाले. पैसा भरपूर साठला होता, पण रक्तात साखरही निघाली. डॉक्टरांनी आंबा बंद केला.

त्या मार्चमध्ये शालनने मंडईतून, भाव न करता, पहिली पेटी रिक्षात घालून वारज्याच्या घरी आणली. नवऱ्यासमोर बसून ती सावकाश एकेक फोड खाऊ लागली.

“अगं, एक तरी दे.”

“घाई कसली, अहो? भाव उतरू देत.”

इतका गोड आंबा तिने जन्मात खाल्ला नव्हता.

तेवढ्यात हिंजवडीहून त्यांची मुलगी प्रियदर्शनी आली. “आई, मे महिन्यात निम्म्या भावात मिळतील! मी बघ, लडाखची ट्रिप रद्द करून पैसे गुंतवले. फिरायला काय, पुढे आयुष्य पडलंय.”

शालनने हातातली फोड बशीत परत ठेवली. नवरा आता मुलीच्या तोंडून बोलत होता.

“ट्रिप परत बुक कर,” ती म्हणाली. “नाहीतर म्हातारपणी तुझ्यासमोर बसूनही कुणीतरी असंच खाईल.”

प्रियदर्शनीने वडिलांकडे पाहिलं. ते फोडींकडे बघत होते.

“जा बाळा,” ते पुटपुटले.

शालनने बशी मुलीपुढे सरकवली. रंगरावांना फोड मात्र दिली नाही.